खदानीच्या पाण्यातली जोडी

झरीकडच्या आमच्या गावात दगडाची खदान होती. तिच्या सुरुंगांनी घरांच्या भिंतींना तडे गेले, धुळीनं कापूस मळला आणि नाला तर कायमचाच आटला. मग दगड संपला, खदानवाले निघून गेले, खड्ड्यात पाणी साचलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी अख्खं गाव तिथं बैल धुवायचं आणि मग घरी त्यांचे खांदे शेकायचं. खदानीनं आम्हाला काही परत दिलं असेल तर एवढंच.

तिथं निसर्ग पर्यटन केंद्र व्हायचं ठरलं तेव्हा गावाला एकच काळजी होती, बैल धुवायचे कुठं? केंद्राच्या समितीचा अध्यक्ष माझा शाळेपासूनचा मित्र. एका ताटात जेवलेलो आम्ही.

"पोळ्याले गेट उघडं राहीन. माह्यावर भरोसा नाही काय तुहा?" तो म्हणाला.

मी ग्रामसभेत उभं राहून त्याची हमी घेतली. माझ्याकडे पाहूनच लोकांनी हात वर केले. माझ्यासारखा मूर्ख मीच!

केंद्र झाल्यावर पहिल्याच पोळ्याच्या आदल्या दिवशी गेटला कुलूप, वर पाटी: जनावरांना मनाई. माझ्यामागे पंधरा-वीस जोड्या खोळंबलेल्या. तेवढ्यात मित्र कॅमेरेवाल्या पाहुण्यांना घेऊन आला.

"अबे, एवढे बैल कायले आणले? पाणी गढूळ होते ना! पाहुण्यायले फोटो पाह्यजे, फक्त तुही जोडी घे आत."

"आन् या बाकीच्यायचं काय?"

"पुढच्या साली पाहू."

मी नाही म्हणालो. खरंच म्हणालो. पण त्यानं गेट उघडलं आणि बैलांना पाण्याचा वास आला. त्यांची ती दरवर्षीची वाट. कासरा माझ्या हातात होता, पण ओढत तेच मला घेऊन गेले. आमच्यामागे गेट लागलं.

बाहेर आलो तर रस्त्यावर कोणी नव्हतं. शेजारचे काका घरापुढच्या हापशीवर बैल धूत होते. मी त्यांच्यापाशी थांबलो.

"काका, बैलायनंच ओढत नेलं मले," मी म्हणालो.

"हाव बाबू," हापसता हापसता ते म्हणाले, "आता बैलायलेच दोष दे."

आता गेटवर मोठा फलक लागला आहे. निळं पाणी, माझी जोडी आणि कासरा धरलेला मी. खाली लिहिलंय, 'गावाच्या सहभागातून'. काका रोज त्याच्यासमोरून शेतात जातात. कॅमेरेवाला 'हसा' म्हणाला होता, आणि फोटोत मी हसतो आहे.