तळ्याकाठचे अंबादासराव

श्री. अंबादासराव कोंतम यांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या फजितीतून. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायला मी नुकतीच लागले होते. फाल्गुनातल्या एका सकाळी वर्गातल्या मुलींना घेऊन मी शहराच्या दक्षिणेला, वळसंगच्या वाटेवरच्या तलावावर गेले. उथळ पाण्यात पंधरावीस पांढरे पक्षी पाठीत चोची खुपसून एका पायावर उभे होते. मी ठसक्यात सांगितले, "हे मोठे बगळे." मुलींनी मुकाट्याने वहीत लिहून घेतले.

मुलींच्या मागे, माझ्या समोर, एक गृहस्थ सायकल धरून उभे होते. पांढरी विजार, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हँडलला जेवणाचा डबा. ते हळूच म्हणाले, "बाई, ते बगळे न्हाईत की."

मला राग आला. "मी हाच विषय शिकवते," असे मी म्हटले. ते माझ्या डोळ्यांकडे न बघता ओठांकडे बघत होते, याचेही मला नवल वाटले. "शिकवता व्हय? मग जरा थांबा," ते म्हणाले आणि सायकल झाडाला टेकवून खाली बसले. आम्हीही थांबलो. अर्ध्या तासाने त्यातल्या एका पक्ष्याने पंख झटकले आणि पाठीतून चोच बाहेर काढली. लांब, काळी आणि टोकाला डावासारखी चपटी! ते सारे 'चमचा' जातीचे पक्षी होते. मुली खुदुखुदु हसल्या. अंबादासराव मात्र हसले नाहीत. उठता उठता एवढेच म्हणाले, "झोपल्यावर समदी सारखीच दिसत्यात, बाई. माझंबी पहिल्यांदा असंच झालं होतं."

नव्या मास्तरणीला तिच्या विद्यार्थिनींसमोर असे सावरून घेणे कुठल्याही पदवीने येत नाही. त्या दिवसापासून मी त्यांना गुरू मानत आले आहे.

अंबादासराव सोलापुरातल्या एका कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, जॉबर (मुकादम) आहेत. शेकडो साचे एकदम धडधडत असतात अशा खात्यात त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे काढली. त्या आवाजाने त्यांचे दोन्ही कान जवळजवळ गेले. समोरच्याचे ओठ वाचून ते बोलणे समजून घेतात. पक्ष्यांचा नाद त्यांना लागला तो कान गेल्यावर. एकदा मी विचारले, पाणपक्ष्यांचाच का? ते म्हणाले, "झाडातलं पाखरू आधी कानानं सापडतं, बाई. ते आता आपल्याला जमणार न्हाय. पाण्यातलं पाखरू उघड्यावर असतंय. त्याला डोळा पुरतो." या बोलण्यात खंत नव्हती. एक दार बंद झाले म्हणून ते दुसऱ्या दाराने आत गेले होते, इतकेच.

आमचे पक्षिमित्र मंडळ त्यांनीच उभे केले. सुरुवातीला गिरणीतले चार विणकर, एक शिंपी, एक डॉक्टर आणि मी, एवढीच माणसे होती. दर रविवारी पहाटेची एस.टी. पकडायची, तलावावर उतरायचे आणि उन्हे चढेपर्यंत काठाकाठाने फिरायचे. माघ सरला की या फेऱ्यांना रंग चढतो. उत्तरेकडे परत निघालेली बदके शेवटचे मुक्काम करतात, पाणी आटून चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतवार पक्ष्यांची धावपळ सुरू होते. तलावावर मोठ्याने बोलायचे नाही, हा मंडळाचा पहिला नियम. अंबादासरावांनी आम्हाला साचेखात्याची भाषा शिकवली. तिथे कुणाचे कुणाला ऐकू येत नाही, म्हणून कामगार हातांनी बोलतात. मूठ वर केली की थांबा. तळहात खाली दाबला की बसा. दोन बोटे झटकन उघडली की गिरणीत त्याचा अर्थ 'तार तुटली', आमच्याकडे 'पाखरू उडाले'. आज आमच्या मंडळाची तीस माणसे एकही शब्द न बोलता अख्खी सकाळ तलावावर काढतात. बाहेरगावचे अभ्यासक हे पाहून थक्क होतात, तेव्हा माझी मान ताठ होते. ही शिस्त आम्हाला एका गिरणी कामगाराने दिली आहे.

मंडळात मी एकटीच बाई होते, आणि दर रविवारी परक्या पुरुषांबरोबर रानात जाणे माझ्या वडिलांना पसंत नव्हते. मी हे कुणालाच बोलले नव्हते. दोन रविवार मी आले नाही, तेवढ्यावरून अंबादासरावांनी ओळखले. तिसऱ्या रविवारी ते सकाळीच आमच्या दारात उभे, आणि शेजारी त्यांच्या पत्नी नरसूबाई. नरसूबाईंना मराठी बेताचेच, घरात सगळे तेलुगू. त्या माझ्या वडिलांना म्हणाल्या, "मी जाते की संगं. पोरगी माझ्याजवळ राहते." त्या पूर्ण हंगामात नरसूबाई दर रविवारी आल्या. पक्ष्यांकडे त्यांचे फारसे लक्ष नसे. लिंबाच्या सावलीत मांडीवर सूप घेऊन त्या विड्या वळत बसत. पुढे आणखी दोघी शिक्षिका मंडळात आल्या, तेव्हा नरसूबाई म्हणाल्या, "आता माझी सुट्टी." आज मंडळात बायका निम्म्याला निम्म्या आहेत, आणि त्यांतल्या पुष्कळजणींना हे ठाऊकही नाही.

त्यांच्या सचोटीविषयीही लिहायला हवे. एका रविवारी त्यांनी दूरवर काळा करकोचा पाहिला. आपल्या भागात तो फार क्वचित दिसतो. आम्ही हरखून गेलो, मी नोंदवहीत ठळक अक्षरांत लिहिले आणि स्थानिक वर्तमानपत्रात त्यांच्या नावानिशी बातमीही आली. गिरणीत त्यांना हार घातला गेला. पुढच्या शुक्रवारी ते महाविद्यालयात आले. "बाई, ती नोंद खोडा." मी चकित झाले. ते सांगू लागले, "काल रजा काढून परत बघून आलो. तेच पाखरू. मान चिखलानं भरली होती, आता निम्मी धुतली गेलीय. खालून पांढरी निघाली. आपला नेहमीचाच कांडेसर हाय." मी म्हटले, कुणाला कळणार आहे? ते म्हणाले, "मला कळलंय की." वर्तमानपत्राच्या कचेरीतही ते स्वतः जाऊन सांगून आले. मी आजही नव्या सभासदांना वहीतले ते खोडलेले पान दाखवते. आमच्या साऱ्या नोंदींची पत त्या एका खोडलेल्या ओळीवर उभी आहे.

पण अंबादासराव काय आहेत हे मला खऱ्या अर्थाने कळले ते शेकाट्यांच्या वर्षी. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे झाली असतील. चैत्रात तलावाचे पाणी मागे हटले आणि पूर्वेकडे चिखलाची एक कडक पट्टी उघडी पडली. तिच्यावर शेकाट्यांनी घरटी केली. शेकाट्या म्हणजे काळापांढरा, काडीसारख्या लांबलचक गुलाबी पायांचा पक्षी. त्याचे घरटे ते काय, उघड्या जमिनीवर चार खडे आणि काटक्या. दुष्काळात तलाव कोरडा ठणठणीत पडला होता, त्यानंतर ही पहिलीच वीण. आमच्या आनंदाला पारावार नव्हता. पुढच्या रविवारी गेलो तर निम्मी घरटी तुडवलेली. फुटक्या अंड्यांवर मुंग्या लागल्या होत्या आणि शेकाटे डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होते.

खुरांच्या खुणांवरून मेंढरांचे काम असल्याचे दिसत होते. थोड्याच वेळात कळप घेऊन मायाप्पा नावाचे धनगर आले. आमचे डॉक्टर संतापले. फौजदाराला आणतो, तुरुंगात घालतो, इथपर्यंत बोलून गेले. (अंबादासरावांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीत डॉक्टर आहेत, आणि हा प्रसंग गाळू नका असे त्यांनीच मला बजावले आहे.) मायाप्पाही काही कमी नव्हते. काठी रोवून ते म्हणाले, "अंडी तुडवाय आमास्नी हौस हाय का? मेंढरं पानी कुटं पिनार वो? बाकी समदा गाळ हाय. परवा माझी गाभण मेंढी रुतून मेली तितं. तवा कोन आलं न्हाय फौजदार घिऊन."

डॉक्टर पुढे काही बोलणार तोच अंबादासरावांनी मूठ वर केली. आम्ही सवयीने गप्प झालो. ते मायाप्पांच्या समोर जाऊन उभे राहिले, कारण त्यांना ओठ दिसायला हवे होते. "मेंढी कुठं रुतली, ते दाखवता का मला?" त्यांनी विचारले, आणि थोडे मराठीत, थोडे मोडक्या कानडीत बोलत ते दोघे पुरा तलाव फिरून आले. तासाभराने परतले तेव्हा अंबादासराव गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. ते म्हणाले, "हे खरं बोलतात. पश्चिमेला पाणी चांगलं हाय, पण मधी वीस पावलं गाळ हाय. तेवढ्यावर दगड टाकले तर मेंढरं तिकडनं पितील."

"आपण पक्षी बघायला येतो, अंबादासराव. रस्ते बांधायला नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग पुढच्या साली काय बघायचं, डॉक्टरसाहेब?"

अंबादासरावांनी गिरणीतून आठ दिवसांची रजा घेतली. रोज सकाळी सायकलने तलावावर जायचे आणि मायाप्पांच्या घरच्यांबरोबर कोरड्या ओढ्यातले दगड वाहायचे. तोवर उरलेल्या घरट्यांना धक्का लागू नये म्हणून मायाप्पा मेंढरांना लांबच्या विहिरीवर नेत होते. "आट दिस कळ काडतो. नवव्या दिसाला मात्र जनावर ऐकनार न्हाय," असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. रविवारी अंबादासरावांच्या खात्यातले बाराजण पाट्या घेऊन आले. आम्हीही पदर खोचले. डॉक्टर सर्वांत आधी चिखलात उतरले. दुपारपर्यंत दगडांचा पक्का उतार पाण्यापर्यंत पोहोचला.

मायाप्पांनी कळप आणला, आणि मेंढरे दगडांपाशी येऊन थबकली. पुढची हालेना, म्हणून मागची हालेना. हाकारले, ढकलले, काही उपयोग नाही. तहानेने ती ओरडत होती आणि एकेक करून जुन्या वाटेकडे, घरट्यांकडे वळू लागली होती. आठ दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत फुकट चालली होती. अंबादासरावांना तो कल्लोळ ऐकू येत नव्हता, पण त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदाच पाहिला. इतक्यात मायाप्पांच्या पत्नीने एक चार दिवसांचे कोकरू उचलले, खांद्यावर टाकले आणि ती सरळ दगडांवरून पाण्याकडे चालू लागली. कोकरू ओरडले. त्याची आई बिचकत बिचकत मागे निघाली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी, आणि बघता बघता अख्खा कळप दगडांवरून उतरून पाण्याला तोंड लावून उभा राहिला. मायाप्पा अंबादासरावांना म्हणाले, "पितायत की वो, मामा!" अंबादासरावांनी टोपी काढून तिनेच डोळे पुसले.

डॉक्टर त्यांच्याजवळ गेले आणि त्यांना दिसेल असे सावकाश म्हणाले, "चुकलो मी."

वैशाखात उरलेल्या घरट्यांतून पिल्ले बाहेर पडली. कापसाच्या बोंडाएवढे अंग आणि खाली न शोभणारे लांब पाय, अशी ती चिखलावर पळत होती. पुढच्या वर्षी आम्ही गेलो तर पूर्वेच्या पट्टीच्या बाजूने मायाप्पा हात हलवत येताना दिसले. "तिकडनं या, बाई! हितं पाखरं बसलीत अंड्यावर!" आता ते आमच्या मंडळाचे सभासद आहेत आणि वीण सुरू झाल्याचा पहिला निरोप दर वर्षी त्यांच्याकडूनच येतो. कायद्याचा धाक घालून आम्हाला फार तर एक वर्ष ती घरटी राखता आली असती. अंबादासरावांनी त्यांना कायमचा राखणदार मिळवून दिला.

अशा थोर माणसाला साठ वर्षे पूर्ण होत आहेत. सत्काराची तारीख सांगायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. रविवारी सकाळी, मोठे सभागृह, मान्यवर पाहुणे, असा सारा बेत त्यांना ओठ वाचता येतील अशा बेताने सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सत्कार करा, पण रविवारी सकाळी नको. पाखरं परत निघालीत. आता चार-पाचच रविवार राहिलेत." म्हणून हा समारंभ शनिवारी संध्याकाळी ठेवला आहे, आणि तो वेळेवर संपेल याची हमी समितीने त्यांना दिली आहे, कारण दुसऱ्या दिवशी पहाटेची एस.टी. चुकता कामा नये.

अंबादासराव, गिरणीच्या भोंग्यातून आता तुमची सुटका होईल. नरसूबाईंसह तुम्हाला उदंड आयुष्य लाभो, पायांत बळ राहो आणि तुमच्या डोळ्यांचे तेज कधीही मंदावू नये. तलावाच्या काठाने तुम्ही पुढे आणि आम्ही मागे, असे चालण्याचे भाग्य आम्हाला आणखी पुष्कळ वसंत लाभो. तुम्ही मूठ वर केलीत की आम्ही थांबू.