तारपा सोडून सगळं

फाइल बावीस मिनिटांची होती. पहिली दहा सेकंदं तारपा खणखणीत. मग आवाज बसत गेला आणि अर्ध्या मिनिटात पार नाहीसा झाला. उरल्या त्या कोंबड्या, कुणाच्या तरी चपला आणि शेवटी लक्ष्याबाबांचा खोकला.

पोशेरा गावात, त्यांच्याच ओट्यावर मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो. बाबा खांबाला टेकून धापा टाकत होते. त्यांची मुलगी सुनीता जव्हारला शिक्षिका आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सर, आलं ना नीट?"

"बघतो," मी म्हणालो. पंचवीस वर्षं साउंडचं काम केलेला माणूस 'बघतो' म्हणाला, की समजावं घोटाळा आहे.

तारपा म्हणजे वाळलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. बाबांना येणाऱ्या नाचाच्या सगळ्या चाली पाड्यात आता दुसऱ्या कुणालाच येत नव्हत्या. पण फुप्फुसं थकली होती. डॉक्टरांनी फुंकायला साफ मनाई केली होती. तरी सुनीताने हट्ट धरला, एकदाच, रेकॉर्डिंगपुरतं. ठाण्याच्या एका प्रदर्शनालाही ते हवं होतं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

त्यासाठी मी एक पॅच बांधला होता. पॅच म्हणजे स्क्रीनवर मांडलेला प्रोग्राम. कोड लिहायचा नाही. डबे मांडायचे आणि रेघांनी जोडायचे. वरच्या खाचरातलं पाणी खालच्या खाचरात सोडतात, तसा आवाज एका डब्यातून पुढच्या डब्यात जातो. वाजत असतानाच त्याच्यावर काय ती प्रक्रिया होते.

मी एकेक रेघ तपासू लागलो. माइक ठीक. केबल ठीक. हेडफोनमध्ये तर बावीस मिनिटं तारपा झकास ऐकू येत होता. पण हेडफोन थेट माइकच्या डब्याला जोडलेला, आणि रेकॉर्डिंगचा डबा सगळ्यात शेवटी.

मधे नॉइजचा डबा होता. हाच पॅच पुढे प्रदर्शनातही चालवायचा होता आणि तिथल्या हॉलमधला एसी घरघरतो, म्हणून प्रदर्शनवाल्या साहेबांनी तो बसवून घेतला होता. हा डबा दहा सेकंदं ऐकतो, न थांबता चालणारा आवाज हेरतो आणि पुसून टाकतो. पंखा, फ्रिज, जनरेटर.

तारपाही थांबत नाही. वाजवणारा नाकाने श्वास घेतो आणि गालातली हवा फुंकत राहतो. सूर तुटत नाही. टेस्ट मी घेतली होती, पण पाच सेकंदांची. सुरू करण्याआधी बाबांना म्हणालोही होतो, "मधे मधे थांबा, जरा दम खा."

ते हसले होते. "मी थांबलू तं नाचणाऱ्यांनी पाय कुठं टाकायचा?"

माझी चूक त्यांनी मला आधीच सांगितली होती. मी मान डोलावून बटण दाबलं.

रेंजसाठी टेकाडावर जाऊन साहेबांना फोन लावला.

"एआय वगैरे लावून परत नाही का आणता येणार?"

"साहेब, फाइलमध्ये उतरलंच नाही. आणू कुठून?"

"मग परत वाजवून घे."

खाली येऊन मी तो डबा काढून टाकला आणि खरं काय ते सांगितलं. बाबांनी तारपा उचलला. "नको बा," सुनीता म्हणाली. तीन फुंका झाल्या आणि खोकल्याची उबळ आली. त्यांनी तारपा मांडीवर ठेवला.

"नाय आता, भाऊ. दम सरला. तुला उगाच खेप पडली."

मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सुनीताने त्यांच्या मांडीवरचा तारपा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, "मी मोबाइलवर घेत होते, सर. तुम्हीच बंद करायला लावलात."

खरं होतं. मोबाइलमुळे माइकमध्ये खरखर येते, म्हणून मी सगळ्यांचे मोबाइल बंद करून घेतले होते.

पुढच्या पावसाळ्यात बाबा गेले. महिन्याभराने सुनीताचा फोन आला.

"सर, ती फाइल आहे का?"

"बाई, तिच्यात तारपा नाही."

"माहीत आहे. खोकला आहे ना?"

पाठवली. हल्ली माइकमधून निघणारी पहिली रेघ मी सरळ रेकॉर्डिंगला जोडतो. हुशारीचे डबे त्यानंतर. बैल गेला आणि झोपा केला.