उचलायला माणूस

बाइंडरकाकांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचायला कुणी थांबत नसे. शाळेची हजेरीपुस्तकं, वकिलांच्या फुगलेल्या फायली, कुणाच्या आजीचं पानं सुटलेलं गाण्यांचं पुस्तक, असं सगळं गल्लीच्या टोकाच्या त्या घरात चिंध्या होऊन यायचं आणि पाठीला नवं कापड लावून, कडा सरळ करून बाहेर पडायचं. पुढची खोली कामाची, मागच्या दोन राहायच्या. दाराशी लोखंडी दाबयंत्र, खिडकीत खळीचं पातेलं. खळीचा आंबूस वास भिंतीत इतका मुरलेला की पाहुणा आला की आधी नाक चोळायचा, मग ख्यालीखुशाली विचारायचा.

काका अंगापिंडानं दांडगे. दाबयंत्राचा जो दांडा फिरवायला इतरांना दोन माणसं लागायची, तो हे एका हातानं फिरवायचे आणि दुसऱ्या हातानं चहा प्यायचे. गिऱ्हाईकांची थट्टा हा त्यांचा जोडधंदा. "पुस्तक देताना रडत येता," म्हणायचे, "आणि न्यायला आलात की विचारता, हे माझंच का?"

मूलबाळ नव्हतं. काकूंना विसरण्याचा आजार जडला तेव्हा धाकट्या भावाची मुलगी आठवडाभर मदतीला म्हणून आली. औषधाच्या कारखान्यात बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या खात्यात तिची कायमची नोकरी होती. आधी रजा वाढवली, मग नोकरी सोडली. काकूंना न्हाऊ घालणं, घास भरवणं, दिवसातून दहादा 'मी कोण' ते सांगणं, हे सगळं तिनं नऊ वर्षं केलं. "हिच्या आठवड्याला दिवस फार," काका म्हणायचे. असं म्हणताना ते तिच्याकडं बघत नसत.

काकू गेल्या. तिसऱ्या महिन्यात काकांनी ठरवलं, घर पोरीच्या नावावर करून टाकायचं. तिची नोकरी गेली, लग्नाचं वय गेलं, निदान छप्पर तरी राहू दे. ती म्हणाली, "मला नको काका, तुम्ही आहात ना." काका म्हणाले, "मी काय पाटीसारखा भिंतीला ठोकलोय?"

नोंदणी कचेरीच्या पायऱ्यांशी दस्त लिहिणारा बसायचा. त्यानं चष्म्यावरून दोघांकडं बघितलं.

"बक्षीसपत्र. ठीक. मुलगी तुमची?"

"पुतणी."

"मग कारण लिहिलेलं बरं. असं घालतो: नऊ वर्षं आजारी पत्नीची शुश्रूषा केली, त्या सेवेच्या मोबदल्यात घर दिलं."

काकांच्या कपाळाची शीर फुगली. "मोबदल्यात? ती काय मोलानं ठेवली होती?"

"अहो, लिहायची रीत असते."

"रीत तुमच्यापाशी ठेवा. खोडा ते. उद्या लोक वाचतील, म्हातारा भावाच्या पोरीकडून काम करून घेत होता. लिहा, केवळ प्रेमापोटी, कसलाही मोबदला न घेता. आणि ठळक लिहा."

"तुमचं घर, तुमचं प्रेम," दस्तवाला म्हणाला आणि नवा कागद घेतला. काकांनी खाली अशी झोकदार सही केली की शाई मागच्या पानावर उमटली.

त्यानंतर तीन वर्षं सात महिन्यांनी, एका शब्दकोशाची शिलाई चालू असताना, दाभण काकांच्या हातातून पडलं. ते उचलायला वाकले आणि तिथंच कलंडले. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, पण बोलणं कळायचं. दवाखान्यातून घरी आणले ते भरल्या पोत्यासारखे. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीवरून न्हाणीत, न्हाणीतून परत, असं दिवसातून सहा वेळा पुतणी त्यांना काखेत हात घालून उचलायची. चार महिन्यांत तिच्या पाठीतली गादी सरकली.

"पाण्याची भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही," डॉक्टरांनी बजावलं. "नाहीतर तुम्हीच अंथरुणात पडाल."

"बादली नाही हो उचलत डॉक्टर," ती म्हणाली. "काका उचलते."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनीच सांगितलं की ज्यांची ऐपत नाही अशांच्या घरी सरकार माणूस पाठवतं. सकाळ-संध्याकाळ, उचलायला, न्हाऊ घालायला. अर्ज करा.

तिनं अर्ज केला. सगळे कागद जोडले. घराचा कागदही जोडला, उगाच लपवाछपवी नको म्हणून. महिन्यानं बोलावणं आलं. काकांना भाड्याच्या चाकाच्या खुर्चीत घालून ती साहाय्य कचेरीत गेली. खिडकीमागची बाई चांगली होती. उठून बाहेर आली, काकांजवळ स्टूल घेऊन बसली.

"आजोबा, अर्ज नामंजूर झालाय. तुम्ही घर देऊन टाकलंय ना? पाच वर्षांच्या आत फुकट दिलेली मालमत्ता आम्हाला तुमचीच धरावी लागते. लोक घर पोरांच्या नावावर करतात आणि हात हलवत इथं येतात, म्हणून तो नियम आहे."

"मी... तसं... नाही केलं," काका म्हणाले.

"ते मला दिसतंय हो. पण मला कागद बघावा लागतो."

पुतणी पुढं झाली. "मॅडम, नऊ वर्षं मी काकूंचं सगळं केलं. शेजारीपाजारी सांगतील. डॉक्टर लिहून देतील."

"तसं कागदात असतं तर प्रश्नच नव्हता. सेवेबद्दल दिलं असतं तर ते फुकट दिलेलं धरत नाहीत." बाईनं दस्ताचं पान उलटलं आणि बोट ठेवलं. "इथं तर स्वच्छ लिहिलंय. कसलाही मोबदला न घेता. तेही ठळक."

काकांनी डोळे मिटले.

"मग आता दुरुस्त करून आणतो," पुतणी म्हणाली.

"अर्ज दिल्यानंतर बदललेला कागद चालत नाही, ताई."

"घर परत काकांच्या नावावर करते. मग?"

"मग ते घरवाले झाले. ते घर विकायचं, त्या पैशातून माणूस ठेवायचा, पैसे संपले की आमच्याकडं यायचं."

"आणि तुमचा माणूस येणार कुठं? फुटपाथवर?"

बाईनं खाली बघितलं. "पाच वर्षं पुरी व्हायला वर्षभर उरलंय," ती म्हणाली. "त्या तारखेला या. मी स्वतः अर्ज भरून देईन." आणि चिठ्ठीवर तारीख लिहून दिली.

घरी आल्यावर पुतणीनं चिठ्ठी खळीच्या रिकाम्या पातेल्याखाली सारली आणि कंबरेला पट्टा आवळला. "वर्ष काय, बघता बघता जाईल," ती म्हणाली. काकांना पलंगावर घेताना तिच्या तोंडून आवाज निघाला तो तिनं खोकल्यात लपवला. काकांना खोकल्याचा आवाज माहीत होता. हा खोकला नव्हता.

"पोरी... घर विक."

"आणि जाऊ कुठं?"

"मला... कुठंही टाक."

"टाकायला आधी उचलावं लागतं काका," ती म्हणाली. दोघंही हसले.

शेजारच्या लाँड्रीवाल्याला सांगून बघितलं. तो आठवडाभर आला, मग त्याचंच काम निघालं. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणी रविवारी यायच्या. बाकीचे दिवस होतेच.

याच सुमारास काका जेवणाला नाकं मुरडू लागले. डाव्या हातानं चमचा धरत, चार घास खात आणि ताट ढकलत. भात आवडायचा, तो नको. दूध नको. रात्रीचं तर काहीच नको. पुतणीला वाटलं, मीठ कमीजास्त होतंय. तिनं मऊ करून बघितलं, गोड करून बघितलं, रागावून बघितलं.

"असं काय लहान पोरासारखं? खा की."

"भूक... नाही."

"सकाळीही नव्हती. कालही नव्हती. भूक काय रजेवर गेलीय?"

काका भिंतीकडं बघायचे. डॉक्टर येऊन पोट तपासून गेले, काही सापडलं नाही. पायजम्याची नाडी ती दर आठवड्याला थोडी आत ओढून बांधायची. आजारात माणूस वाळतोच, असं म्हणायची.

दीड महिन्यानं एका सकाळी तिनं नेहमीसारखे त्यांच्या काखेत हात घातले, दात आवळले आणि उचललं. पाठीत कळ येईल म्हणून ती थांबली होती, ती आली नाही.

"काका," ती सहज म्हणाली, "हलके लागताय हो."

काकांनी मान वळवली. अर्धाच चेहरा हलायचा, पण तेवढ्या अर्ध्यावर कित्येक महिन्यांत दिसला नव्हता असा आनंद आला.

"हो ना?" ते म्हणाले. "खरंच... वाटतं?"

ती तशीच उभी राहिली. खुर्ची दोन पावलांवर होती. तिला पुढं जाता येईना, आणि त्यांना खालीही ठेवता येईना.