डिस्टिलमामा आणि घासलेला रुपया

डिस्टिलमामांच्या अंगावर धड शर्ट कुणी कधी पाहिला नाही. बालाघाटच्या स्टेशन रोडला त्यांचं बॅटरीचं दुकान होतं. दिवसभर ऑटोच्या, ट्रकच्या, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या उघडायच्या, पाणी घालायचं, चार्जिंगला लावायच्या. अ‍ॅसिडचे शिंतोडे उडत आणि शर्टाला वाटाण्याएवढी भोकं पडत. मामी ओरडून ओरडून थकल्या आणि मग त्यांनी नवे शर्ट घेणंच बंद केलं. पण कुणी जुन्या नाण्याला लिंबू लावलं असं या माणसाच्या कानावर आलं, की त्याला जेवण गोड लागत नसे.

जुनी नाणी हा मामांचा जीव. आणि नाणं धुवायला त्यांना चालायचं ते फक्त डिस्टिल्ड वॉटर. बॅटरीत घालतात तेच, पण नव्या, सीलबंद कॅनमधलं. म्हणून सगळं गाव त्यांना डिस्टिलमामा म्हणे. नळाच्या पाण्याने डाग पडतात, बोअरचं तर नावच काढायचं नाही. टेबलावर पंचा अंथरायचा, म्हणजे नाणं हातातून निसटलं तरी त्याला मार लागत नाही. काचेच्या वाटीत पाणी, पाण्यात नाणं. पुढे काय? पुढे काही नाही. बसायचं. दुसऱ्या दिवशी पाणी बदलायचं. सुटेल तेवढी माती सुटेल, उरेल ती राहील. शेवटी सुती कापडावर ठेवून टिपून घ्यायचं. "घासाचं नाही, टिपाचं. लहान पोराचे डोळे टिपतो तसं," असं ते मला निदान शंभरदा म्हणाले असतील.

नाण्याला हात लावण्याआधी स्वतःचे हात ते तीनदा साबणाने धूत. अ‍ॅसिडचा हात, त्याचा भरवसा नाही. नाणं धरायचं ते कडेला, दोन बोटांत. कुणी मधोमध अंगठा टेकवला की मामा खेकसत, "त्याच्या तोंडावर काहून हात फिरवून राह्यला? तुह्या तोंडावर मी फिरवू काय?" मी कचेरीबाहेर बसून दिवसभर हिंदी अर्ज टाइप करणारा माणूस. संध्याकाळी मामांकडे जायचो तो या बोलण्यासाठीच. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होतो, लग्न ठरत नव्हतं, आणि शिव्या खायलासुद्धा आपलं माणूस लागतं.

मामा बौद्ध. त्यांच्या घरी लक्ष्मीपूजन नव्हतं, पण धनत्रयोदशीच्या आधीचा आठवडा सगळ्यात जड त्यांनाच जाई. घरोघरी देवातले चांदीचे रुपये बाहेर निघत आणि चिंच, राख, विटेची भुकटी घेऊन बायका त्यांच्यावर तुटून पडत. "पन्नास वर्सं घासून घासून राणीचं नाक गेलं, बाप्पा!" मामा कळवळून सांगत. एकदा एक तरुण नाणं घेऊन आला आणि म्हणाला, "मामाजी, इसको चमका दो ना." मामांनी नाणं न बघताच उत्तर दिलं, "चमकाना है तो बर्तनवाले के पास जाओ, बेटा. यहाँ सिर्फ धूल निकलती है." मग त्याला बसवून चहा पाजला आणि काळपट पडलेली चांदी म्हणजे मळ नव्हे, ते नाण्याचं वय आहे, ते काढलं की नाण्याची किंमतही जाते, हे अर्धा तास समजावलं. पोरगा घड्याळाकडे बघत बसला होता.

बिरसा गावाहून एक गुरुजी आले होते. त्यांच्या नाण्याला चिकटपट्टीचा गोंद लागला होता. मामांनी शुद्ध अ‍ॅसिटोन मागवलं, चूल, विडी सगळं लांब ठेवून मागच्या अंगणात उघड्यावर बसले आणि गोंद विरघळवला. गुरुजींनी विचारलं, नखपॉलिश काढायचं औषध चाललं असतं का? "त्यात वास टाकते, रंग टाकते. तुमच्या बोटाले चालते, याले नाही चालत," मामा म्हणाले. पण त्यांचा खरा प्रश्न या सगळ्याच्या आधीचा असे. कुणी काहीही आणलं तरी ते पहिल्यांदा विचारत, "साफ कराचंच काहून?"

ज्याला शिकवायचं त्याला एक नाणं वर्षभर घरी ठेवायला द्यायचं, ही त्यांची पद्धत होती. अट एकच, नेलं तसं परत आणायचं. मला त्यांनी राणीछाप रुपया दिला. कडेला निळसर, मध्ये काळपट, जुन्या ढगासारखा. "याले काही करू नको. काहीच न करणं जमते काय, ते पाहाचं हाय," ते म्हणाले. मला वाटलं, हे काय अवघड आहे?

दिवाळीच्या तोंडावर परसवाड्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. आमच्या घरात दाखवण्यासारखं काय होतं? एक कूलर आणि मी. डोक्यात किडा वळवळला, की घराण्यातला रुपया म्हणून हा पुढे ठेवावा. पण काळा रुपया कोण बघणार? मोबाइलवर एका व्हिडिओत एक जण टूथपेस्टने नाणं आरशासारखं करून दाखवत होता. आई बाजारात गेली होती. मी ब्रश घेतला आणि पाच मिनिटांत रुपया नव्या वाटीसारखा लखलखीत करून ठेवला. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, त्या रुपयाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि नंतर नकार कळवला.

रुपया ट्यूबलाइटखाली फिरवून पाहिला. राणीच्या गालावर बारीक बारीक रेघाच रेघा. जाणारच होतो मामांकडे, खरं सांगायलाच जाणार होतो. पण दुकानात पाऊल टाकलं, मामांनी रुपया कडेने उचलून दिव्याकडे धरला, त्यांचा चेहरा पडला आणि माझ्या तोंडून निघालं, "आईनं घासला, मामा. दिवाळीचा. मी घरी नव्हतो."

किती सोपं होतं! कुणीही विश्वास ठेवला असता. मामा फक्त "बरं" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थेट घरी आले. मी आईला काही सांगितलं नव्हतं. मामा खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "बाई, रुपया तुमीनं घासला म्हणे?"

आईने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. "हौ, मामा," ती म्हणाली, "चुकी झाली माह्यी. दिवाळी आली म्हणून घासला."

"कायनं?"

"चिंचेनं."

मामांनी मान हलवली. मग तासभर त्यांनी आईला शिकवलं. पाणी कोणतं, वाटी कोणती, टिपायचं कसं. आईने देवघरातले आपले रुपये आणून दाखवले, कडेने कसे धरायचे ते दोनदा करून पाहिलं, आणि पदर सावरत प्रत्येक गोष्टीला "हौ, हौ" म्हणत राहिली. न केलेल्या चुकीची शिकवणी घेत होती माझी आई, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसलो होतो. एकादशी कधी, अमावास्या कधी. मामा गेल्यावर आई पोळ्या लाटायला बसली.

मामांनी मला दुकानात येऊ नको म्हटलं नाही. शिकवणं तसंच चालू राहिलं, शिव्याही तशाच. फक्त घरी न्यायला त्यांनी मला पुन्हा एकही नाणं दिलं नाही. मी मागितलंही नाही. अशी सात वर्षं गेली. मधल्या काळात माझं लग्न झालं, मुलगी झाली.

मागच्या वर्षी मामांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी बारीक अक्षरं दिसेनात. मुलगा नागपूरला, तो न्यायला आला होता. निघायच्या दिवशी सकाळी मी नाणी कागदी पाकिटांत घालायला बसलो. मामा सांगत होते, मी पाकिटांवर लिहीत होतो. तोच रुपया हाताला लागला. अजून चमकत होता मेला! आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"मामा, हा मी घासला होता. आईनं नाही."

"ठाऊक हाय मले," मामा म्हणाले. "अक्षराच्या कोपऱ्यात पांढरं वाळलं होतं. पुदिन्याचा वास येऊन राह्यला होता. चिंचेले पुदिन्याचा वास येते काय, बाबू?"

"मंग तुमी बोलले काहून नाही?"

"मी आलतो घरी, तू बोलशील म्हणून. त्याच्या आधी तुह्यी आई 'हौ' म्हणली. आता त्या बाईले मी खोटी पाडू काय?" त्यांनी रुपया माझ्या हातातून घेतला, चाचपून पाकिटात घातला. "माह्याजवळ काय सांगतं? मले तं पहिल्या दिवसापासून ठाऊक. घरी जाय."

मी त्यांना गाडीत बसवून घरी आलो. आई तांदूळ निवडत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "आई, मामाले सांगतलं. रुपया मी घासला होता म्हणून."

तिचा हात सुपात थांबला. "खरंच सांगतलं?"

"हौ."

"मामा काय म्हणले?"

"त्यायले पहिल्यापासून ठाऊक होतं."

आईने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्यायले ठाऊक हाय, हे मले कळलं असतं तं बरं झालं असतं. सात वर्सं मी त्यायच्या दुकानासमोरून गेली नाही. लाज वाटे. गुजरीत भाजीले जाचं तं मागच्या गल्लीनं जात होती." मागच्या गल्लीत नाली उघडी आहे आणि चढ आहे. आईचे गुडघे दुखतात. हे मला कधी दिसलं नाही, कारण मी कधी पाहिलंच नाही. मी तिचे पाय धरले आणि रडलो. तिने रडू दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. मी दारात उभा होतो. ती स्टेशन रोडला वळली, सरळ, सावकाश. दुकानाचं शटर खाली होतं, आत कुणी नव्हतं, हे तिला माहीत होतं. तरी ती त्याच रस्त्याने गेली.