अननसाचा शिरा आणि चन्नबसप्पाचं तोंड

चन्नबसप्पानं उभं आयुष्य कोळारच्या एका कारखान्यात बॉयलरला कोळसा घातला. फावडं भरायचं, भट्टीचं दार उघडायचं, फेकायचं, दार लावायचं. या कामात लबाडी चालत नाही. कोळसा कमी पडला की वाफ कमी पडते, आणि वाफ कमी पडली की अख्ख्या कारखान्याला कळतं. त्यामुळं जगातल्या बाकीच्या कामांविषयी त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं.

निवृत्त होऊन बीदरच्या घरात बसला आणि दिसेल त्या कामाला नावं ठेवू लागला. शेजारची नवी भिंत बघून म्हणाला, "गवंडी ओळंबा घरीच इसरून आलता." पुण्यात कंप्युटरवर काम करणाऱ्या मुलाला, किरणकुमारला, फोनवर विचारायचा, "आज घाम आला का रे?" मठात बसवप्रभु अय्यांचं प्रवचन ऐकून आला की म्हणायचा, "बसून बोलायलेत. घसा दुखला आसंल, दुसरं काय दुखंल?"

सगळ्यात जास्त नावं बायकोच्या स्वयंपाकाला. चन्नव्वा दरवर्षी श्रावणातल्या एका सोमवारी अननसाचा शिरा करायची. त्या दिवशी अय्या त्यांच्या घरी प्रसादाला येत आणि शिरा मागून मागून घेत. चन्नबसप्पाही भरपूर खायचा. शेवटी ताटात पाणी ओतून, बोटानं फिरवून, ते पाणी पिऊन टाकायचा. त्यांच्या लिंगायतांत रीतच तशी. ताटात पडलेला प्रसाद टाकायचा नाही, कणभरही नाही. पाणी पिऊन झालं की मिशा पुसत म्हणायचा, "गोड हाय. पर कष्ट दिसंनात."

यंदा श्रावण लागला आणि चन्नव्वा मोरीत घसरून पडली. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं.

"अय्यांना निरोप धाडा," ती म्हणाली. "म्हणावं, औंदा जमत न्हाई."

"कामून? मी करतो की शिरा."

चन्नव्वानं त्याच्याकडं नीट बघितलं. बैल झाडावर चढायलाय असं कुणी सांगितल्यावर माणूस बघतं, तसं.

"तुमी?"

"मी. एवढा बॉयलर सांभाळला, गॅस पेटंना व्हय मला? तू कष्ट चोरतीस. मी कसा करतो बग."

"बगते. पर बिघडला तर माज्या सैपाकाला परत नावं ठिवायची न्हाईत. कदीच न्हाईत."

"आन् जमला तर?"

"जमला तर हितून पुढं तुमीच करायचा सैपाक."

चन्नबसप्पानं विचार केला. "ह्यात मला काय मिळालं?"

"मान," चन्नव्वा म्हणाली.

मानाला तो बळी पडला. देवळीतल्या डबीतली विभूती चिमटीत घेऊन शपथ घेतली. वर स्वतःचीही एक अट घातली, "मी करताना तू तोंड उघडायचं न्हाई. न्हाईतर म्हणशील, मीच शिकिवलं." चन्नव्वानंही डाव्या हातानं विभूती उचलली.

शपथ घेतल्यावर मात्र त्याला धाकधूक लागली. नावं ठेवणं हाच आता त्याचा उद्योग होता. तोच गेला तर दिवसभर करायचं काय?

गांधीगंजातून त्यानं दोन अननसं आणली. एक पिकलेलं, एक जरा हिरवट. सोमवारी सकाळी पिकलेलं घेऊन बसला. चन्नव्वा स्वयंपाकघराच्या दारात पाटावर बसली. खरं सांगायचं तर त्यानं काम चोख केलं. सुरीला आधी धार लावली. साल काढली. अननसाचे डोळे तिरप्या ओळीत असतात. त्या ओळी धरून त्यानं एकेक डोळा कोरून काढला, गर वाया जाऊ दिला नाही. मिक्सर घरात होता. त्याला तो कामचुकारांचा डबा म्हणायचा. फोडी खलबत्त्यात घालून कुटल्या. कुटून झालेला गर पातेल्यात काढला आणि वर म्हशीचं दूध ओतलं.

"अवं," चन्नव्वा म्हणाली.

"काय ठरलंय?"

तिनं तोंड मिटलं. मग प्लास्टरचा हात पदराखाली घेतला, भिंतीला पाठ टेकली आणि निवांत झाली.

"नुसतं टाकून ढवळायचं, ह्याला काय अर्थ?" चन्नबसप्पा दुधातला गर कालवत म्हणाला. "मुरू द्यावं लागतंय." झाकण ठेवून तो रव्याकडं वळला. बारीक आचेवर तुपात रवा भाजत राहिला. दंड भरून आले, बनियन भिजलं, तेव्हा कुठं समाधान झालं. पातेल्यावरचं झाकण काढलं तर दूध फाटून घट्ट गोळा झालेला. "माल धरलाय," तो म्हणाला. चन्नव्वानं छताकडं बघितलं.

तो माल साखरेसकट रव्यात गेला आणि शिरा दिसायला देखणा झाला. चव घ्यायचा प्रश्नच नव्हता. अय्यांच्या आधी त्या घरात कुणी काही तोंडात घालत नाही.

अय्या स्कूटरवर आले, भगव्या रुमालावर हेल्मेट घालून. पाय धुणं झालं, तळहातावर लिंग घेऊन पूजा झाली, अय्या पाटावर बसले. चन्नबसप्पानं शिऱ्याचा डोंगर वाढला. अय्यांनी मोठा घास घेतला आणि डोळे मिटले.

चन्नबसप्पाला वाटलं, ध्यान लागलं.

डोळे उघडले तेव्हा त्यांत पाणी होतं. मागच्याच सोमवारी मठात अय्या ठणकावून सांगत होते की ताटात कण सोडणारा शिवाला उपाशी उठवतो. ते ऐकायला हे नवराबायको पहिल्या रांगेत होते. अय्यांनी डोंगराकडं बघितलं, दोघांकडं बघितलं आणि काढा प्यावा तसा शिरा भराभर संपवला. ताटात पाणी ओतलं, बोट फिरवलं, प्याले.

"बग," चन्नबसप्पा बायकोला म्हणाला. "ताट लखलखायलंय."

"ताट रीतीनं लखलखायलंय," चन्नव्वा म्हणाली. "अजून वाढा की."

चन्नबसप्पानं पळी भरली. अय्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. "साकु, अप्पा, साकु. बास झालं."

"असं कसं अय्या? दरसाल तर मागून घेता."

"औंदा नेम केलाय. गोड सोडलंय."

"मग घ्या की अय्या," चन्नव्वा म्हणाली. "ह्यात गोड कुठाय?"

प्रवचनात कधी न अडखळणारे अय्या आशीर्वाद देताना अडखळले. मग ते उठले. स्कूटर गल्लीच्या तोंडाशी गेल्यावर त्यांना हेल्मेट आठवलं, पण ते परत आले नाहीत.

चन्नबसप्पानं स्वतःला भरपूर वाढून घेतलं होतं. पहिल्याच घासाला कडूजहर. कडुलिंबाचा पाला चघळल्यासारखं.

"कडू लागायलंय," तो बारीक आवाजात म्हणाला.

"कच्चं अननस दुधात भिजिवल्यावर कडूच होणार. आदी शिजवायचं आसतंय."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

"तोंड उघडू नको मनलाव न्हवं?"

त्यानं पातेल्याकडं बघितलं. अर्ध्याहून जास्त भरलेलं होतं. "टाकावं का?"

"परसाद हाय," चन्नव्वा म्हणाली. तिनं आपल्या वाटणीचा चमचाभर खाल्ला, वाटी धुऊन पाणी प्याली आणि मोकळी झाली. "माजा हात मोडलाय. जीभ शाबूत हाय."

पातेलं त्यानं एकट्यानं संपवलं. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशी सकाळी. दर वेळी ताट धुऊन प्याला. शेवटी पातेलंही. मधल्या काळात त्यानं कुणालाच नावं ठेवली नाहीत. किरणकुमारनं फोनवर आईला विचारलं, "अप्पाची तब्येत बरी हाय न्हवं?"

तोवर दुसरं अननस पिकलं. घरभर वास सुटला. चन्नव्वा म्हणाली, "उठा. हात तुमचा, तोंड माजं."

त्यानं फोडी केल्या. कुटायला निघाला तर ती म्हणाली, "कामून मारायलाव त्याला? साखरंत न्हाऊ द्या की." फोडी साखरेसोबत पातेल्यात गेल्या. त्यानं आच वाढवली, तिनं कमी करायला लावली. त्याला हलवत राहायचं होतं, तिनं डाव काढून घेतला. "बसा गप. ते शिजायलंय, तुमी कामून दमायलाव?" हेच त्याला सगळ्यात अवघड गेलं. रस आटला, फोडी काचेसारख्या झाल्या, कडेनं पाक तारेला आला. मग कढईत भाजलेला रवा, उकळतं पाणी, तूप, आणि शेवटी फोडी. दूध नाही.

दोघं तिथंच ओट्याखाली जेवायला बसली. शिरा गरम होता. फोड दाताखाली आली की आधी आंबट झिणझिण, मग गोड, मग तूप. चन्नबसप्पा खात राहिला. ताट धुतलं, पाणी प्यालं, मिशा पुसल्या. तोंड सवयीनं उघडलं.

"गोड हाय. पर..."

चन्नव्वानं मान वळवून देवळीतल्या विभूतीच्या डबीकडं बघितलं.

"पर काय?"

चन्नबसप्पानं धुतलेलं ताट पुढं सरकवलं.

"पर अजून वाढ."

"हात मोडलाय माजा," चन्नव्वा म्हणाली. "उठा, घ्या."

तो उठला.