चीफ आणि पुलाचा चढ

माझ्या काकांना घरात सगळे चीफ म्हणतात. ही पदवी त्यांची त्यांनीच घेतली. पंपांच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. जन्मभर खिडकीतून नट-बोल्ट मोजून दिले आणि एकही बोल्ट स्वतःच्या हाताने आवळला नाही. पण निवृत्त होताना कुणीतरी भाषणात म्हणालं, "यांच्याशिवाय एक मशीन हललं नसतं," आणि ते त्यांनी खरं धरलं. तेव्हापासून गल्लीतल्या कुठल्याही गाडीने नुसता खोकला काढला, तरी हे पाठीमागे हात बांधून हजर. निदान आधी, तपासणी नंतर. बहुतेक वेळा नंतरसुद्धा नाही.

त्यांनी एक जुनी गाडी घेतली. गाडी बरी होती. पहिले काही महिने एसी लावूनही मुकाट चालली. मग एका उन्हाळ्यात एसी लावला की तिचा जीव जायला लागला. सपाट रस्त्यावर कशीबशी ओढायची, पण घराजवळच्या पुलाच्या चढाला लागली की मेलेल्या बैलासारखी. ॲक्सिलरेटर पार दाबा, आवाज वाढायचा, गाडी नाही. मागून हॉर्न सुरू व्हायचे.

चीफनी निदान केलं, "पेट्रोलमध्ये भेसळ." पेट्रोलपंप बदलला. मग "प्लग गेले." प्लग बदलले. मग क्लच बदलला. शेवटी म्हणाले, "जावई मागे बसले की गाडी चढत नाही. वजन बघा त्यांचं." जावई बिचारा मागच्या सीटवर अंग चोरून बसायला लागला, जणू त्याने वजन कमी होतं.

गॅरेजमध्ये मात्र न्यायची नाही. "ते चोर असतात. आणि एसीचा भार इंजिनावर पडणारच, हे शास्त्र आहे." त्या शास्त्रातून त्यांनी एक हुकूम काढला. पुलाचा चढ आला की ते ओरडायचे, "बंद!" आणि शेजारी बसलेल्या काकूने बटण दाबायचं. दोन उन्हाळे काकू तेच करत होती. काच उघडायची सोय नव्हती, कारण चीफना धुळीचा तिटकारा.

माझ्या चुलतबहिणीला, म्हणजे चीफच्या लेकीला, आठवा महिना लागला होता. दवाखान्यातून भर दुपारी तिला घरी आणताना पुलावर गर्दी तुंबली. मीही गाडीत होतो. "बंद!" झालं. गाडी इंच इंच सरकत होती. बहीण म्हणाली, "बाबा, लावा ना, गुदमरतंय." चीफ म्हणाले, "आत्ता लावला तर गाडी मागे येईल. पाच मिनिटं कळ काढ." तिने कळ काढली आणि माझ्या खांद्यावर मान टाकली. ओठ पांढरे पडले होते. काकूने मागे वळून पाहिलं, एसीचं बटण दाबलं, चारही काचा खाली केल्या आणि बाटलीतलं पाणी लेकीच्या तोंडावर मारलं. चीफ काय म्हणाले? "सीट भिजेल."

दुसऱ्या दिवशी चीफ त्यांच्या निवृत्तांच्या मंडळात शहाणपण वाटायला गेले, तशी काकूने मला किल्ली दिली. "चल. एसीवाल्याकडे."

ते गॅरेज एक बाई चालवते. तोंडाने फटकळ, आवाज गल्लीच्या टोकापर्यंत. काकू सांगायला लागली तशी तिने हात वर केला. "ताई, गोष्ट नको. गाडी चालू करा."

तिने आधी एसी बंद ठेवून इंजिन ऐकलं, मग लावून ऐकलं. इंजिन दबलं, थरथरलं. मग तिने पाइपाला प्रेशरचं मीटर जोडलं. काटा नको तिथे जाऊन बसला होता. "गॅस थंड होत नाहीये," ती म्हणाली. "कॉम्प्रेसर फिरवायला इंजिनाला जोर लागतो. थोडा लागतोच. पण इथे इंजिन अर्धं बळ त्यातच घालवतंय." तिने बादली घेतली आणि ज्या पुढच्या जाळीत हा गॅस थंड होतो तिच्यावर पाणी ओतलं. काटा सरसर खाली आला. इंजिनाचा आवाज हलका झाला, जणू पाठीवरचं पोतं कुणी उतरवलं. पाणी निथळलं तसा काटा पुन्हा वर.

"म्हणजे जाळीला वारा लागत नाही." तिने टॉर्च मारली, वाकून पाहिलं आणि शिवी हासडली. मग आत हात घालून तारांनी बांधलेलं काहीतरी ओढून काढलं. चिखल आणि मेलेले किडे यांनी गच्च भरलेलं, काथ्याचं, लाल काठाचं पायपुसणं.

"हे कुणी घातलं?"

"यांनीच घातलं असणार," काकू म्हणाली. "धूळ जाऊ नये म्हणून."

"पायपुसणं दारात घालतात, ताई. गाडीच्या नाकात नाही."

मी हसलो. काकू हसली नाही. ती त्या पायपुसण्याकडे बघत होती. "हे माझं आहे," ती हळूच म्हणाली.

मग मलाही आठवलं. गाडी पुलावर अडायला लागली त्याच उन्हाळ्यात काकूच्या दारातलं नवंकोरं पायपुसणं नाहीसं झालं होतं, आणि तिने समोरच्या शेजारणीवर आळ घेतला होता. जिन्यात कडाक्याचं भांडण झालं होतं. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. चीफ तेव्हा आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होते आणि नंतर काकूला म्हणाले होते, "अशा लोकांपासून चार हात लांबच राहावं."

घरी येताना गाडी एसीसकट पूल सहज चढली. काकूचं लक्ष नव्हतं.

चीफ आल्यावर तिने पायपुसणं त्यांच्या पुढ्यात टाकलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. "बरोबर. मला शंका होतीच, हे काढायला हवं."

"आणि समोरची?"

"तिचं काय?"

"चला, माफी मागू."

"मी कशाला मागू? आळ मी घेतला का? तू घेतलास."

आणि त्यांनी पंखा वाढवला. त्या माणसाबद्दल माझ्या मनात जे काही उरलंसुरलं होतं, ते तिथे संपलं.

काकू एकटीच गेली. शेजारणीने दार अर्धंच उघडलं, सगळं ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून लावून घेतलं. काकू पुन्हा गेली. नंतर आणखी एकदा. बहिणीला मुलगी झाली तेव्हा कुठे शेजारीण आपण होऊन आली, बाळाच्या हातावर झबलं ठेवलं आणि काकूजवळ बसली.

आता ती रोज दुपारी येते. दोघी चहा घेतात, खूप बोलतात, हसतातही. चीफ खोलीत आले की दोघी बोलायच्या थांबतात आणि ते जाईपर्यंत कपाकडे बघत राहतात. चीफना वाटतं, हा मान आहे.