तोंड फिरवलेले टाके

बाइंताचा कोणावरही विश्वास नाही, हे आमच्या बेटावरच्या ह्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. गिरणीतून लोकर कातून आली की ती वजन करून घेते, आणि तेही गिरणीच्या काट्यावर नाही. घरून मासे तोलायचा काटा पिशवीत घालून नेते. मग धागा गालावर घासते आणि गिरणीवाल्याच्या तोंडावर सांगते, "ही माझ्या करड्या मेंढीची लोकर नव्हे. माझी मेंढी इतकी राठ नाही." गिरणीवाला बिचारा तीस वर्षं हे ऐकतोय. तिच्या मेंढीची शपथ घ्यायची तेवढी बाकी ठेवली आहे त्यानं.

नमुन्यांची वही ती तळघरात बटाट्याच्या पोत्याखाली ठेवते. एकदा कोपनहेगनहून आलेली कोणी बाई चर्चमध्ये हिच्या मागच्या बाकावर बसली होती. स्तोत्र चालू असताना ती बाई नमुना चोरायला हिच्या शालीची भोकं मोजत होती, असं बाइंताचं म्हणणं. तेव्हापासून बाइंता शेवटच्या बाकावर बसते. पाठीमागे भिंत असली म्हणजे बरं, भिंतीला मोजता येत नाही.

मी सिगवर. तिच्या शेजारची, आणि शाळेत सात वर्षं एका बाकावर बसलेली. म्हणजे तिच्या संशयाचा सगळ्यात जुना अनुभव माझ्या पदरी आहे. माझी पेन्सिल हरवली तरी ती माझ्याकडेच संशयानं बघायची.

पण विणकामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. सुरुवात मात्र अगदीच रडकथा होती. साकारिसशी लग्न ठरलं तेव्हा तिनं त्याला पहिला स्वेटर विणला, त्याच्या बाह्या गुडघ्यापर्यंत आल्या. तो भला माणूस बाह्यांना तीन घड्या घालून समुद्रावर गेला. दुसरा स्वेटर मापात झाला, तो सासूनं उकळत्या पाण्यात धुतला आणि कोकराला बसेल एवढा करून ठेवला. "मुद्दाम केलं म्हातारीनं," असं बाइंता अजून म्हणते. सासूला जाऊन चाळीस वर्षं झाली. तिसरा स्वेटर साकारिसनं अठरा वर्षं घातला. कोपर फाटले की ती बाही उसवून पुन्हा विणायची. शेवटी शेवटी त्यात मूळचा स्वेटर किती आणि नंतरचा किती, हे तिलाही सांगता आलं नसतं. तो गेला तेव्हा तिनं तो स्वेटर कोणाला दिला नाही, उसवलाही नाही. तो कुठे आहे हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला वाटलं असतं मला तो हवाय.

दर मंगळवारी संध्याकाळी आम्ही चौघीजणी विणायला जमतो, आळीपाळीनं एकेकीकडे. आधी तासभर विणकाम, मग कॉफी, रुबार्बच्या आंबट देठांचा केक आणि गावाची धुणी. कॉफीच्या वेळी सगळ्यांच्या पिशव्या बाहेरच्या बाकावर कोटांच्या शेजारी ठेवायच्या, हा बाइंताचा नियम. लोकरीजवळ तिला कॉफी चालत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती शाल विणत होती. आमची शाल खालून सुरू होते, साडेतीनशे टाक्यांवर. मग टाके कमी करत करत मानेपर्यंत जायचं, म्हणजे ती खांद्यावर न टाचता बसते. ही शाल होती सून मारिविकसाठी, जुलैतल्या ओलाव सणाला आमच्या पारंपरिक पोशाखावर घालायला. मारिविक फिलिपाइन्सची. बाइंताचा मुलगा होग्नी तिला सहा वर्षांपूर्वी लग्न करून घेऊन आला. तो चार-चार महिने जहाजावर असतो, ती इथल्या मासळीच्या कारखान्यात कामाला जाते आणि सासूबरोबर राहते. होग्नीनं जाताना आईला गळ घातली, "आई, तिला बाजारची नको, तुझ्या हातची शाल कर." बाइंता हो म्हणाली. मग आम्हाला म्हणाली, "नमुना शिकून घेईल आणि तिकडे पाठवेल. तिकडे कारखाना काढतील, बघाल तुम्ही."

फेब्रुवारीत एका मंगळवारी माझं लक्ष तिच्या मांडीवर गेलं. काठाच्या नक्षीत एक भोक चुकलं होतं. बाइंताच्या हातून! मी आधी माझा चष्मा पुसला. भोक चुकलेलंच होतं. पुढच्या ओळीत ती त्याच्यावरून तशीच विणत गेली.

मी म्हटलं, "दिवा जवळ आणू का गं?"

"तुझ्याच डोळ्यांपुढे ने तो दिवा," ती म्हणाली. "मला चांगलं दिसतं."

कॉफीच्या वेळी दूध आणायचं निमित्त करून मी बाहेर गेले, तिची पिशवी उघडली, चुकीच्या जागचे दहा-बारा टाके सोडत खाली नेले आणि क्रोशाच्या सुईनं नीट करून पुन्हा वर चढवले. दहा मिनिटांचं काम. आत आले तर केक संपला होता.

मी चोरी केली नाही. एवढं तरी मला म्हणू द्या.

पुढच्या मंगळवारी पुन्हा चूक. त्याच्या पुढच्या मंगळवारी दोन. मी दर वेळी दुधाला उठायची. आमच्यातल्या दुसऱ्या दोघींना वाटलं मला काही दुखणं आहे.

मार्च संपताना बाइंता आली तीच धुमसत. "कोणीतरी माझ्या शालीला हात लावतंय," ती म्हणाली. "सुईवर मध्येच दहा-बारा टाक्यांचं तोंड भलतीकडे. हे माझ्या बोटांना कळतं. डोळे मिटूनसुद्धा कळतं."

मी जन्माची डावखुरी. शाळेतल्या विणकामाच्या बाईंनी पट्टी मारून मारून मला उजव्या हाताला लावलं, आणि साठ वर्षं मी चारचौघांसारखी विणते. पण घाईत असले की हात आपल्या जन्मावर जातो. टाके सुईवर चढवताना मी ते डाव्या हातानं चढवले होते, आणि ते सगळे माझ्यासारखे उलटे बसले होते.

"कोण असेल?" मी विचारलं. किती निर्लज्जपणे विचारलं!

"कोण म्हणजे? घरात दुसरं आहे कोण? तिच्याकडे क्रोशाची सुई आहे. रात्रंदिवस त्या दोऱ्याच्या पिशव्या विणत असते. माझी शाल बिघडवायची आणि म्हणायचं, म्हातारीला जमत नाही आता."

तिथे मी बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर सांगावं लागलं असतं की मी काय नीट करत होते. बाइंताला तोंडावर 'तुला दिसत नाही' म्हणायचं? त्यापेक्षा समुद्रात उडी मारलेली बरी. मी केक खाल्ला.

मग तिनं सापळा लावला. पिशवी कुठेही ठेवताना आपल्या डोक्यातला एक पांढरा केस तिच्या दोन्ही बंदांना बांधायची. केस तुटला की चोर आला. मला हे माहीत नव्हतं, मी आपली दर मंगळवारी तोडत होते. घरात तिनं सुनेशी बोलणं सोडलं. लोकर कपाटात, कपाटाची किल्ली गळ्यात. मारिविक खोलीत आली की बाइंता शाल उशीखाली सारायची. एप्रिलच्या शेवटी तिनं आम्हाला जाहीर सांगितलं, "वीस मेला होग्नीचं जहाज लागतं. धक्क्यावरच सांगणार आहे त्याला. एक तर ती ह्या घरात राहील, नाही तर मी. आणि घर माझं आहे."

त्यानंतर दोनच दिवसांनी मारिविक माझ्या दारात आली. कारखान्यातून थेट. अंगाला मासळीचा वास, डोळे सुजलेले. आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच उभी राहिली.

"सिगवरमावशी, तो केस फक्त मंगळवारी तुटतो," ती म्हणाली.

"कसला केस?"

तिनं मला सगळं सांगितलं. "आई पाटीवर लिहून ठेवतात. मी बघितलं. सगळे मंगळवार. मंगळवारी मी संध्याकाळच्या पाळीला असते आणि पिशवी तुमच्यात असते. आणि कॉफीच्या वेळी तुम्ही दर खेपेला दुधाला उठता, हे गावात सगळे बोलतात."

ती माझ्या हातांकडे बघत होती. मी तेव्हा बटाटे सोलत होते, घाईत, आणि सुरी डाव्या हातात होती.

"मग तिला सांग की," मी म्हटलं.

"मी सांगू? त्या म्हणतील, सून तर सून, वर शेजारणीवर आळ घेते. मावशी, मला माहीत आहे त्यांना दिसत नाही. सूपमध्ये दोनदा मीठ घालतात, मी गुपचूप पाणी घालते. पण म्हणून मी चोर का व्हायचं? मी सहा वर्षं त्या घरात वाळलेलं मटण खातेय, मला अजून आवडत नाही, तरी खातेय. तुम्ही होग्नी यायच्या आत सांगा. नाहीतर मी बॅग भरते, आणि तुम्ही जन्मभर दूध आणत बसा."

गेली ती. एवढी लाज मला पट्टी खाताना वाटली नव्हती.

पुढचा मंगळवार माझ्याकडे होता. बाकीच्या दोन्ही बायकांसमोर सांगायचं मी ठरवलं, कारण एकांतात सांगितलं तर मी मागे फिरले असते. कॉफीच्या आधीच म्हटलं, "बाइंता, तुझ्या शालीला मारिविकनं हात लावलेला नाही. मी लावला. नक्षीत चुका होत होत्या. मी त्या नीट करत होते, फेब्रुवारीपासून."

बाइंताचे हात थांबले नाहीत. ओळ संपवली, सुई फिरवली.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. सात वर्षं तुझ्या डाव्या कोपराचे धक्के खाल्लेत मी बाकावर. तोंड फिरवलेले टाके अख्ख्या बेटावर दुसरं कोण घालतं?"

आमच्यातली एक म्हणाली, "मग त्या पोरीला का छळलंस गं बाई?"

बाइंतानं शाल मांडीवर ठेवली. ती काठावरून बोटं फिरवत राहिली, त्या नीट केलेल्या भोकांवरून.

"सून लबाड आहे म्हटलं की झालं," ती म्हणाली. "तिला घालवता येतं. सिगवर नीट करते म्हणजे मी चुकते. मग मी काय करायचं? मला दुसरं येतं काय?"

कोणी कॉफी ओतली नाही. मग ती माझ्याकडे वळली, आणि तिचे डोळे माझ्यावर नीट लागत नव्हते हे मला पहिल्यांदाच धडधडीत दिसलं. "आणि तू," ती म्हणाली, "तू मला घाबरून त्या पोरीला माझ्या तावडीत सोडलंस. तू माझ्याहून वाईट आहेस."

मी उठून सगळ्यांची कॉफी ओतली.

वीस तारखेला धुकं होतं. जहाज उशिरा लागलं. धक्क्यावर अर्धं गाव होतं आणि अर्ध्या गावाला बाइंता काय सांगणार हे माहीत होतं, म्हणून तर ते आलं होतं. मारिविक सासूपासून चार पावलं लांब उभी होती. तिनं बॅग खरंच भरली होती की नाही, देव जाणे. होग्नी उतरला आणि नेहमीप्रमाणे आधी आईकडे आला.

बाइंतानं त्याचा स्वेटर हातानं चाचपला, कोपरापासून मनगटापर्यंत. नंतर म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, "होग्नी, मला टाके दिसत नाहीत आता. तुझ्या बायकोला विचार, ती मला मोजून देईल का."

होग्नीला काहीच कळलं नाही. मारिविकला कळलं. ती पुढे आली नाही, रडलीही नाही. तिथूनच म्हणाली, "किल्ली द्या आधी."

बाइंतानं गळ्यातली कपाटाची किल्ली काढायला घेतली. दोरी केसांत अडकली, तिला ती सुटेना. मग मारिविकनं जाऊन सोडवली.

शाल जुलैत पुरी झाली. मारिविक मोठ्यानं टाके मोजायची, आणि बाइंता तिला आमच्याच भाषेत मोजायला लावायची, कारण त्यांच्या भाषेत कोण जाणे काय मोजत असेल. मोजून झालं की बोटांनी पुन्हा स्वतः मोजायची. मंगळवारी ती अजून येते. फक्त कॉफीच्या वेळी आता पिशवी बाहेर ठेवत नाही. मांडीवर घेऊन बसते, आणि मी दुधाला उठले की दोन्ही हात तिच्यावर ठेवते.